ऑर्डरी २१४, मोजणीत १३९: बाकीची गिऱ्हाईकं गेली कुठं?

पत्र: ताई, नमस्कार. मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहते. सासूबाईंच्या पद्धतीची, डंकावर कांडलेली कांदा-लसूण चटणी आम्ही घरातूनच विकतो. आता वेबसाइटवरूनही विकतो. गेल्या महिन्यात वेबसाइटवर २१४ ऑर्डरी आल्या. वेबसाइटवरची ये-जा मोजणाऱ्या गूगल अ‍ॅनालिटिक्समध्ये मात्र १३९च खरेदी दिसतात. कुरिअरच्या पावत्या काढून बघितल्या तर पार्सलं सगळ्यात जास्त पुण्याला आणि बंगळूरला गेलीत, आणि अ‍ॅनालिटिक्समध्ये बंगळूर शोधूनही सापडत नाही. आमच्या जाहिराती सांभाळणारा मुलगा म्हणतो, लोक जाहिराती अडवणारा अ‍ॅड ब्लॉकर लावतात म्हणून असं होतं. त्यानं दोन उपाय सांगितलेत. पहिला, ब्लॉकर लावणाऱ्याला वेबसाइट उघडूच द्यायची नाही. दुसरा, मोजणीची माहिती आपल्याच डोमेनवरून, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्यावरून फिरवायची, म्हणजे ब्लॉकरला पत्ता लागणार नाही. त्याचे दरमहा वेगळे पैसे. शिवाय बंगळूरची जाहिरात बंद करून ते पैसे सांगली-इचलकरंजीला लावू म्हणतो. माझा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. त्याच्या लॅपटॉपवर हाच ब्लॉकर आहे, घरच्या कॉम्प्युटरवरही त्यानंच घातलाय. हा आपल्याच पोटावर पाय देतोय असं मला वाटतं. काय करू?

उत्तर:

ताई, नमस्कार.

बंगळूरची जाहिरात तूर्त बंद करू नका. बाकीचं सविस्तर सांगते, पण हे सगळ्यात आधी, कारण हा निर्णय चुकला तर झालेलं नुकसान अ‍ॅनालिटिक्समध्ये कधीच दिसणार नाही. जे गिऱ्हाईक त्या आकड्यात कधी नव्हतंच, ते तुटलं तरी आकडा हलत नाही.

तुमचं पान उघडताना पडद्यामागं काय घडतं ते बघा. गिऱ्हाईक तुमचा पत्ता उघडतं आणि तुमच्या होस्टिंगच्या सर्व्हरवरून पान येतं. त्या पानात जाहिरातवाल्या मुलानं चिकटवलेला चार ओळींचा कोड असतो. तो ब्राऊझरला सांगतो, गूगल टॅग मॅनेजरच्या पत्त्यावरून एक स्क्रिप्ट आणून चालव. ती स्क्रिप्ट मग गूगल अ‍ॅनालिटिक्सच्या पत्त्यावर निरोप धाडते: अमुक पान उघडलं, फोनवर की लॅपटॉपवर, कुठल्या दुव्यावरून माणूस आला, याआधी आला होता का. म्हणजे ही मोजणी तुमच्या सर्व्हरवर होतच नाही. ती गिऱ्हाइकाच्या यंत्रावर, त्याच्या डेटा पॅकमधून होते आणि जमा होते गूगलकडे. महाद्वार रोडवरच्या एखाद्या दुकानदारानं दारात माणसं मोजायला परक्या कंपनीचा माणूस बसवावा, आणि त्यानं येणाऱ्याला मोजता मोजता तो पुढं कुठल्या दुकानात शिरतो तेही टिपून घ्यावं, तसा हा प्रकार आहे.

ब्लॉकर त्या निरोपाला वाटेतच अडवतो. त्याच्याकडं पत्त्यांच्या लांबलचक याद्या असतात. इझीलिस्ट ही जाहिरातींची यादी, इझीप्रायव्हसी ही माग काढणाऱ्या स्क्रिप्टांची. दोन्ही याद्या साध्या मजकुराच्या फायली आहेत, कुणालाही उघडून वाचता येतात, आणि स्वयंसेवक त्या सतत नव्या करत असतात. पानातून बाहेर जाणारी प्रत्येक मागणी ब्लॉकर या याद्यांशी ताडून बघतो. पत्ता यादीत असला की मागणी जातच नाही. गूगल अ‍ॅनालिटिक्सचा पत्ता इझीप्रायव्हसीत आहे, फेसबुकचा पिक्सेल, म्हणजे फेसबुकच्या जाहिरातींसाठी पानात घातलेला मोजणीचा कोड, तोही अशाच याद्यांमध्ये आहे.

हे तुम्हाला घरच्या कॉम्प्युटरवर डोळ्यांनी बघता येईल. मुलाला शेजारी बसवा, तुमचीच वेबसाइट उघडा, एफ-१२ दाबा आणि ‘नेटवर्क’ नावाच्या टॅबवर जा. आता पान परत लोड करा. ओळींमागून ओळी येतील. तुमच्या बरण्यांचे फोटो, फॉण्ट, किमती, सगळं व्यवस्थित उतरेल. मधेच टॅग मॅनेजरची किंवा अ‍ॅनालिटिक्सची ओळ अडवलेली दिसेल, तिच्यापुढचा शेरा ब्राऊझर आणि ब्लॉकरप्रमाणं वेगवेगळा असतो. पान तर पुरतं उघडलं. आता ‘कार्टमध्ये टाका’ दाबा, तेही चालेल. ऑर्डर दिलीत तर तीही येईल. अ‍ॅनालिटिक्सच्या लेखी मात्र यातलं काहीही घडलेलं नाही. ब्लॉकर लावलेलं गिऱ्हाईक तिथं अनोळखी म्हणून नोंदलं जातं असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात त्याची नोंदच होत नाही. नंतर ब्लॉकर त्या पानापुरता बंद करून हेच परत करून बघा, अडवलेली ओळ नेहमीसारखी होईल आणि तिच्यामागं निरोपांची रांग लागेल.

आता बंगळूरकडं येते, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच आहे. न दिसणारे लोक सगळीकडं सारखे पसरलेले असते तर प्रश्न सोपा होता. सगळे आकडे थोडे थोडे वाढवून घेतले की झालं असतं. पण ते तसे पसरलेले नाहीत. अँड्रॉइड फोनवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन (ब्लॉकरसारखी ब्राऊझरला लावायची जोड) घालायची सोयच नाही, म्हणून इचलकरंजीत, गडहिंग्लजला, सांगलीत फोनवरून तुमचं पान बघणारं गिऱ्हाईक बहुतेक वेळा मोजलं जातं. ब्लॉकर जास्त असतो लॅपटॉपवर, आणि दिवसभर लॅपटॉपसमोर बसणारा, अशा गोष्टींची माहिती असणारा माणूस कुठं असतो? हिंजवडीत, व्हाइटफील्डला. कोल्हापूर सोडून नोकरीला गेलेली, तिथं रश्श्याला घरची चव येत नाही म्हणून तुमच्याकडून किलो-किलो चटणी मागवणारी पोरं-पोरी हीच. त्यातल्या एखाद्याचं ऑफिस इंटरनेटवरचं सगळं जाणं-येणं व्हीपीएनमधून, म्हणजे दुसरीकडच्या सर्व्हरवरून फिरवत असेल, तर तो मोजला गेला तरी बंगळूरऐवजी भलत्याच शहरात दिसेल. मुळात अ‍ॅनालिटिक्समधलं शहर हा आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून बांधलेला अंदाज असतो. मोबाइल नेटवर्कवर कोल्हापुरातला माणूस मुंबईचा दिसू शकतो. कुरिअरच्या पावतीवरचा पिन कोड मात्र अंदाज नाही. ५६० नं सुरू होणारे पिन बंगळूरचे, ४११ नं सुरू होणारे पुण्याचे. (सांगली आणि इचलकरंजी दोन्ही ४१६ मध्येच येतात, तेव्हा कोल्हापूरपासून त्यांना वेगळं काढताना पुढचे आकडेही बघा.)

सगळे ब्लॉकर सारखे वागतात असंही नाही, आणि तुमच्या जाहिरातवाल्या मुलाला हे बहुधा माहीत नसावं. रेमंड हिल यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या यूब्लॉकमधून पुढं आलेलं यूब्लॉक ओरिजिन इझीप्रायव्हसी यादी मुळातच चालू ठेवतं, म्हणून ते लावलेलं गिऱ्हाईक मोजणीतून सुटतं. अ‍ॅडब्लॉक प्लसमध्ये मात्र मुळात जाहिरातींचीच यादी चालू असते, माग काढण्याविरुद्धची यादी आपण होऊन लावावी लागते. तेव्हा ब्लॉकर लावूनही मोजली जाणारी माणसं आहेत. ब्रेव्ह ब्राऊझर काहीही न घालता अडवतो. फायरफॉक्स २०१९ पासून माग काढणाऱ्या परक्या कुकी (ब्राऊझरमध्ये ठेवलेल्या ओळखीच्या छोट्या नोंदी) आपोआप रोखतो, पण साध्या खिडकीत मोजणीची स्क्रिप्ट चालू देतो. कडक सेटिंगमध्ये किंवा खाजगी खिडकीत तीही अडवतो. डीएनएस म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा सर्व्हर शोधून देणारी व्यवस्था; काहीजण अँड्रॉइडच्या ‘प्रायव्हेट डीएनएस’मध्ये जाहिराती अडवणारा पत्ता भरतात, त्यांच्या फोनवर तर क्रोममध्येही मोजणी थांबते.

आयफोनचं प्रकरण निराळंच आहे आणि तुमच्या धंद्याला ते नेमकं लागू पडतं. सफारीत मोजणीची स्क्रिप्ट चालते, पण तिनं ठेवलेली ओळखीची कुकी सफारी ७ दिवसांत पुसतो. तुमची एक किलोची बरणी एका घराला दोन-तीन महिने सहज पुरत असेल. तेच गिऱ्हाईक तीन महिन्यांनी परत आलं की अ‍ॅनालिटिक्स म्हणणार, नवीन माणूस आला. उद्या कुणी तुम्हाला तक्ता दाखवून सांगितलं की ‘तुमची जुनी गिऱ्हाईकं परत येत नाहीत, काहीतरी सवलत द्या’, तर आधी ऑर्डरींमधले फोन नंबर जुळवून बघा. कोण परत आलं हे फोन नंबर खरं सांगतो.

तरीही ताई, तुमच्या ७५ न दिसणाऱ्या ऑर्डरी सगळ्याच्या सगळ्या ब्लॉकरच्या नावावर घालू नका. एक मोठा वाटा यूपीआयचा असणार. गिऱ्हाईक फोनवर ऑर्डर देतं, ‘पैसे भरा’ दाबतं, गूगल पे किंवा फोनपे उघडतं, पिन टाकतं, पैसे गेल्याची खूण दिसते, आणि ते फोन खिशात घालतं. ब्राऊझरमध्ये परत येतच नाही. पैसे आल्याचा निरोप पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घेऊन देणारी सेवा) तुमच्या सर्व्हरला थेट देतो, म्हणून ऑर्डर वहीत पडते. पण अ‍ॅनालिटिक्समध्ये खरेदीची नोंद करणारा कोड बहुतेक वेबसाइटवर ‘धन्यवाद, तुमची ऑर्डर मिळाली’ या पानावर असतो. ते पान उघडलंच नाही तर खरेदीही दिसत नाही. इथं ब्लॉकरचा काही संबंध नाही. गेटवेच्या सेटिंगमध्ये पैसे भरून झाल्यावर गिऱ्हाइकाला आपोआप परत आणायची सोय आहे का ते विचारा, काही ऑर्डरी तेवढ्यानंही दिसायला लागतील.

कुठला वाटा कशाचा हे तुम्हाला घरबसल्या काढता येईल, आणि त्यासाठी कुणाला दरमहा पैसे मोजायची गरज नाही. महिन्याच्या सगळ्या ऑर्डरींची यादी काढा. अ‍ॅनालिटिक्समध्ये खरेदीसोबत ऑर्डर क्रमांक जात असेल तर तीही यादी काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून न जुळणाऱ्या ऑर्डरी बाजूला करा. आता त्या कशा आहेत बघा. फोनवरून, यूपीआयनं भरलेल्या किती? लॅपटॉपवरून आलेल्या किती? वेबसाइट वूकॉमर्सवर (ऑनलाइन दुकान चालवायचं सॉफ्टवेअर) असेल तर ऑर्डरीबरोबर ब्राऊझरची ओळख साठवलेली असते, मुलाला ती काढता येईल. सगळ्यात उपयोगाच्या ठरतील कॅश ऑन डिलिव्हरीच्या ऑर्डरी, कारण त्यात गिऱ्हाईक कुठल्या अ‍ॅपमध्ये जात नाही, थेट ‘धन्यवाद’च्या पानावर येतं. लॅपटॉपवरून आलेली कॅश ऑन डिलिव्हरीची ऑर्डर जर मोजणीतून गायब असेल, तर ती बहुतेक ब्लॉकरचीच. आणि फोनवरच्या कॅश ऑन डिलिव्हरीच्या ऑर्डरी जुळत असून फोनवरच्याच यूपीआयच्या जुळत नसतील, तर ते यूपीआयचं काम. एका दुपारी हे होईल. जाहिरातवाल्या मुलानंही शेजारी बसावं, कारण त्याचं एका कारणावर बोट ठेवून मोकळं होणं मला पटलेलं नाही.

आता त्याचे दोन उपाय.

ब्लॉकरवाल्याला आत घ्यायचं नाही, हा उपाय करू नका. जाहिरातींच्या पैशावर चालणारं एखादं बातम्यांचं संकेतस्थळ ‘ब्लॉकर काढा’ म्हणालं तर त्यामागचं कारण मला समजतं, वाचकानं जाहिरात बघणं हेच त्यांचं उत्पन्न आहे. तुमच्या पानावर एकही जाहिरात नाही. तुम्ही चटणी विकता. पैसे घेऊन दारात आलेल्या माणसाला, तो आमच्या मोजणीत येत नाही म्हणून परत पाठवायचं, आणि तेही नेमकं पुण्या-बंगळूरच्या किलोनं घेणाऱ्या गिऱ्हाइकाला? शिवाय असे अडथळे ओळखून ते निकामी करणाऱ्या याद्याही ब्लॉकरमध्ये असतात. तेव्हा ज्याला जमतं तो आत येईलच, ज्याला जमत नाही तो तुमची चटणी सोडून दुसरीकडं जाईल.

दुसरा उपाय जास्त चलाख आहे आणि माझा त्याला जास्त विरोध आहे. त्यात मोजणीचा निरोप आधी तुमच्याच डोमेनच्या एखाद्या पोटपत्त्यावर जातो आणि तिथून पुढं गूगलला किंवा फेसबुकला. ब्लॉकरला वाटतं, हा तर दुकानाचाच पत्ता. तांत्रिकदृष्ट्या तो पूर्ण चालतोही असं नाही. पोटपत्ता डीएनएसमधून नुसता दुसऱ्याकडं वळवलेला असेल, तर फायरफॉक्सवरचं यूब्लॉक ओरिजिन २०२० पासून तो खरा कुणाचा हे तपासून बघतं आणि अडवतं. पण चालला असता तरी मी नको म्हटलं असतं. ज्यानं ब्लॉकर लावलाय त्यानं शब्दात नाही, पण स्पष्ट सांगितलंय, माझा माग काढू नका. ते समजूनही दुसऱ्या वाटेनं माग काढायचा, हे घरगुती चटणी विकणाऱ्या दुकानाला शोभत नाही. तुमच्याकडून लोक घेतात ते विश्वासावर. मिरचीत रंग नाही, खोबरं खवट नाही, हे त्यांनी तुमच्या शब्दावर मानलेलं असतं.

कायद्याची बाजूही लक्षात ठेवा. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानं २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमतानं सांगितलं. त्यानंतर डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ आला, आणि त्याचे नियम २०२५ मध्ये अधिसूचित झाले. तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू होतात. त्यात संमतीची व्याख्या कडक आहे. ती मुक्त हवी, नेमक्या कारणासाठी हवी, माहिती देऊन घेतलेली हवी, आणि माणसानं स्वतः काहीतरी कृती करून दिलेली हवी. दिलेली संमती मागं घेणंही तितकंच सोपं हवं. ब्लॉकर लावलेल्याची माहिती वळसा घालून पुढं पाठवायची आणि त्याला संमती म्हणायचं, हे यात बसवणं अवघड आहे.

आणि एक गोष्ट आजच तपासा. फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिरातींसाठी तुमच्या पानावर मेटाचा, म्हणजे फेसबुकच्या कंपनीचा, तो पिक्सेल असेल. त्याच्या सेटिंगमध्ये ‘ऑटोमॅटिक अ‍ॅडव्हान्स्ड मॅचिंग’ नावाची सोय असते. ती चालू असेल तर गिऱ्हाइकानं तुमच्या फॉर्ममध्ये भरलेला ईमेल, फोन नंबर, नाव हे सांकेतिक रूपात मेटाकडं जातं, म्हणजे त्यांना ते आपल्याकडच्या खात्यांशी जुळवता येतं. गिऱ्हाइकानं नंबर दिला तो कुरिअरवाल्यानं फोन करावा म्हणून. त्याला न सांगता तो दुसरीकडं जात असेल, तर ती सोय बंद करा. माझं मत विचाराल तर पिक्सेल असलेल्या बहुसंख्य छोट्या दुकानदारांना हे ठाऊकच नसतं. कुणीतरी वेबसाइट बनवून देताना ते चालू करून गेलेलं असतं.

जाहिरातवाला मुलगा तुम्हाला मेटाचा अहवाल दाखवून ‘जाहिरातीमुळं इतक्या खरेद्या झाल्या’ असं सांगत असेल, तर तोही आकडा नीट समजून घ्या. मेटाच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये जाहिरातीवर टिचकी मारल्यापासून ७ दिवसांत, किंवा जाहिरात नुसती डोळ्यांखालून गेल्यापासून एका दिवसात झालेली खरेदी जाहिरातीच्या नावावर जमा होते. तुमचं जुनं गिऱ्हाईक, बरणी संपली म्हणून आपण होऊन आलेलं, सकाळी इन्स्टाग्रामवर तुमची जाहिरात त्याच्यासमोरून गेली असेल तर तेही त्यात मोजलं जाईल. आणि उलटंही घडतं. बंगळूरच्या मुलीनं फोनवर इन्स्टाग्राममध्ये जाहिरात बघितली, कारण ब्राऊझरचा ब्लॉकर अ‍ॅपमधल्या जाहिराती अडवू शकत नाही, आणि जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या लॅपटॉपवर, ब्लॉकर लावलेल्या ब्राऊझरमध्ये ऑर्डर दिली. जाहिरातीनं काम केलं आणि त्याची नोंद कुठंच नाही. बंगळूरची जाहिरात बंद करू नका म्हणते ते यासाठी.

ती उपयोगाची आहे का हे बघायचंच असेल तर असं करा. सणवार नसलेले दोन आठवडे निवडा, त्या दोन आठवड्यांत फक्त बंगळूरची जाहिरात थांबवा, पुण्याची चालू ठेवा. मग ५६० च्या पार्सलांची आधीच्या दोन आठवड्यांशी तुलना करा, आणि त्याच काळात ४११ ची पार्सलं कशी हलली तेही बघा. बंगळूरची घटली आणि पुण्याची तशीच राहिली, तर जाहिरात काम करत होती. दोन्ही सारखीच राहिली तर पैसे खुशाल सांगलीला लावा. मार्च ते मे या चटणीच्या हंगामात हा प्रयोग करू नका, तेव्हा सगळंच वाढतं आणि काही कळत नाही.

अ‍ॅनालिटिक्स काढून टाका असं मी म्हणत नाही. फोनवरून येणारी माणसं कुठं अडतात हे ते बरं सांगतं. समजा पुष्कळजण पत्ता भरण्याच्या पानावरून परत जात असतील, तर तिथं कुरिअरचा खर्च अचानक समोर येत असेल, तो आधीच दाखवा. एकाच प्रकारच्या लोकांची या आठवड्याची गेल्या आठवड्याशी तुलना करायला ते ठीक आहे. किती विकलं, कुठं विकलं, कोण परत आलं, यासाठी मात्र ऑर्डरवही आणि कुरिअरची पावतीच धरा. आणि आकडा अचानक वर गेला तर लगेच हुरळून जाऊ नका. क्रोमनं २०२४-२५ मध्ये एक्स्टेन्शनची जुनी पद्धत बंद केली आणि पुष्कळांचं यूब्लॉक ओरिजिन आपोआप बंद पडलं. अशा बदलानं गिऱ्हाईक एकही न वाढता मोजणी वाढू शकते.

होस्टिंगच्या सर्व्हरवर एक नोंदवही आपोआप ठेवली जाते, तिलाही बघायला शिका. होस्टिंग सांभाळायचं सीपॅनेल असेल तर त्यात ‘एडब्ल्यूस्टॅट्स’ नावानं ती वाचता येते. सर्व्हरकडं आलेली प्रत्येक मागणी तिथं पडते, ब्लॉकर असो वा नसो, कारण पान मागितल्याशिवाय ते कुणाला मिळतच नाही. त्यात सर्च इंजिनांचे आणि इतर यंत्रांचे फेरेही मिसळलेले असतात, म्हणून तो आकडा फुगलेला असतो. खरी माणसं किती, हे अ‍ॅनालिटिक्स आणि या नोंदवहीच्या मधे कुठंतरी. हे मोजणं मला गैर वाटत नाही. आपल्या पानावर किती जण आले याची नोंद आपल्याकडं ठेवणं वेगळं, आणि तो माणूस पुढं कुठं कुठं गेला याचा हिशेब तिसऱ्याला देणं वेगळं.

गिऱ्हाईक कुठून आलं हे कळायला पार्सलमध्ये एक चिठ्ठी घाला: ‘मैत्रिणीला हा कोड द्या, तिला पहिल्या बरणीवर सूट.’ व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकायचा कोड वेगळा, प्रदर्शनातल्या स्टॉलवरचा वेगळा. व्हॉट्सअ‍ॅपवरून दुव्यानं आलेला माणूस अ‍ॅनालिटिक्समध्ये बहुतेक वेळा ‘डायरेक्ट’ म्हणून दिसतो, म्हणजे तो कुठून आला हे अ‍ॅनालिटिक्सलाही सांगता येत नाही. कोड सांगतो. आणि कोड गिऱ्हाईक आपल्या हातानं भरतं.

आता तुमच्या मुलाविषयी. त्याच्यावर रागावू नका. तुमच्या पानावर जाहिराती नाहीत, तेव्हा त्याच्या ब्लॉकरनं तुमच्या पोटावर पाय येत नाही. उलट एक फायदाच आहे: घरच्या कॉम्प्युटरवरून तुम्ही दिवसातून दहादा स्वतःची वेबसाइट उघडून बघता, ते मोजणीत मिसळत नाही. आणि ज्या कॉम्प्युटरवरून तुम्ही बँकेचे व्यवहार करता, त्यावर ब्लॉकर असावाच असं माझं मत आहे. सर्चमध्ये सगळ्यात वर बँकेच्या किंवा सॉफ्टवेअरच्या नावानं खोट्या जाहिराती लावून लोकांना फसवतात. अमेरिकेच्या एफबीआयनं डिसेंबर २०२२ मध्ये याच कारणासाठी, सर्च करताना जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन वापरा, असं नागरिकांना जाहीरपणे सांगितलं होतं. फक्त घातलेलं एक्स्टेन्शन खरं आहे ना ते बघा, मिळत्याजुळत्या नावाची दुसरीही असतात. क्रोममध्ये आता यूब्लॉक ओरिजिन लाइट मिळतं, फायरफॉक्समध्ये पूर्ण यूब्लॉक ओरिजिन. मुलाला एवढंच सांगा, की कोल्हापूरच्या बातम्यांची जी संकेतस्थळं तो रोज वाचतो आणि ज्यांचं पोट जाहिरातींवर आहे, तिथं ब्लॉकर त्या पानापुरता बंद ठेव. ते एका टिचकीचं काम आहे.

राहिलं तुमच्या वेबसाइटवरचं गोपनीयतेचं पान. बहुतेक ठिकाणी ते कुठूनतरी उचललेलं, इंग्रजीत आणि कुणी न वाचलेलं असतं. ते काढून मराठीत, तुमच्या शब्दात लिहा. सुरुवात अशी करता येईल:

‘तुमचं नाव, पत्ता आणि फोन नंबर आम्ही पार्सल पोचवण्यासाठी घेतो आणि कुरिअर सोडून कुणाला देत नाही. पानावर किती जण येतात हे बघायला आम्ही गूगल अ‍ॅनालिटिक्स वापरतो, ते नको असेल तर खाली “नको” दाबा. तुम्ही ब्लॉकर लावला असेल तरी ऑर्डर नेहमीसारखी देता येईल, काही अडचण आली तर या नंबरवर फोन करा.’

यातलं प्रत्येक वाक्य खरं असलं पाहिजे. म्हणून पिक्सेलची ती सोय बंद केल्यावर आणि ‘नको’चं बटण खरंच मोजणी थांबवतं हे त्या एफ-१२ च्या खिडकीत तपासल्यावरच हा मजकूर पानावर चढवा. पिक्सेल ठेवणार असाल तर त्याचाही उल्लेख तिथं करा, आणि त्याच बटणानं तोही थांबला पाहिजे.